निरवानिरव

साताऱ्यानजीक कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर वसलेल्या माहुलीस, देवालये आणि राजघराण्यातील मंडळींची स्मारके पाहत हिंडणाऱ्या प्रवाशाला एक समाधी अशी दाखविली जाते, की जी माणसाची नसून कुत्र्याची आहे. थोरल्या शाहू महाराजांच्या या लाडक्या कुत्र्याने शिकारीत वाघापासून धन्याचा जीव वाचविला, ही हकीकत ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात नमूद केली आहे. आणि तिच्याच शेजारी तो आणखी एक हकीकत सांगतो, ती अशी की, महाराजांच्या चित्ताला काही काळ भ्रम झाला असता त्यांनी भर दरबारात त्या कुत्र्याला जरीची वस्त्रे आणि जवाहीर घालून आपले पागोटे त्याच्या मस्तकी ठेविले, त्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली, पालखीचा मान दिला, आणि दरबारी मंडळींनी हे सर्व निमूटपणे चालू देऊन पालखीचा सरंजामही कायम ठेविला. समाधी पाहणारा या गोष्टीवर हसतो आणि पुढे जातो. ज्याला जुन्या दस्तऐवजांचा नाद आहे त्याचे मात्र पाऊल तेथे थबकते. कारण त्या सनदेवरील शिक्का खरा होता, सनद देणारा राजा खरा होता, तो हयात होता आणि गादीवर होता. फक्त त्या घटकेस त्याचे मन जागेवर नव्हते. अशा धन्याचा शब्द कोणी मानावा, कोणी अडवावा, आणि तो अडवावयाचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न त्या दरबारात कोणी विचारल्याचे दिसत नाही.

मराठीत 'निरवणे' असे एक सुंदर क्रियापद आहे. एखादी वस्तू, एखादे माणूस किंवा एखादा कारभार विश्वासाने दुसऱ्याच्या हवाली करणे, हा त्याचा अर्थ. आणि जाण्यापूर्वी अशा सर्व गोष्टी ज्याच्या त्याच्या हाती सोपविणे ही 'निरवानिरव'. हे जाणे मरणाचेच असले पाहिजे असे नाही. आगगाडी नव्हती त्या काळी काशीयात्रेस निघणारा गृहस्थ परत येईलच असे कोणी धरून चालत नसे. म्हणून निघण्यापूर्वी तो देणेघेणे मुलांस समजावून सांगे, कोणाची ठेव कोणत्या पेटीत आहे ते दाखवी, जमिनीचे कागद भावाच्या हाती देई. घरातली वडील बाई कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हवाली करी. आणि यात्रेकरू सुखरूप परतला तर मावंद्याचे जेवण होऊन किल्ल्या पुन्हा जुन्या कमरेला जात. जिवंत माणसाने जिवंतपणीच, स्वतःच्या मुखाने, परत घेता येईल अशा रीतीने आपला कारभार दुसऱ्यावर सोपवावा, ही कल्पना तेव्हा आमच्या घरात नवी नव्हती. पुढे दरबारांनी आणि न्यायालयांनी तिचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

शाहू महाराज त्या भ्रमातून सावरले. पण त्यांना पुत्र नव्हता आणि शरीरही थकले होते. १७४९ सालचे त्यांचे अखेरचे दिवस साताऱ्यात ज्या कारस्थानांत गेले त्यांत एका बाजूस राणी सकवारबाई, दुसऱ्या बाजूस महाराजांची चुलती ताराबाई, आणि बाळाजी बाजीराव पेशवे साताऱ्यातच तळ देऊन बसलेले. महाराजांनी या अवस्थेत पेशव्यांस स्वहस्ताक्षराच्या दोन याद्या लिहून दिल्या: राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा आणि छत्रपतींच्या वंशाची प्रतिष्ठा राखावी, हा त्यांचा आशय. १५ डिसेंबर १७४९ रोजी महाराज वारले. या याद्या खऱ्या की संशयास्पद, राजीखुशीच्या की दबावाच्या, याची चर्चा इतिहासकारांत बरीच झाली आहे आणि तिचा निवाडा येथे करण्याचा माझा मानस नाही. मला एवढेच लक्षणीय वाटते, की मरणोत्तर व्यवस्था लिहून ठेवणाऱ्या या राजाच्या आजारपणात कारभार कोणी आणि कोणत्या मर्यादेत पाहावा, याची वेगळी आज्ञा कोठेच नाही. जे ठरले ते अंथरुणापाशी पोहोचू शकणाऱ्यांच्या चढाओढीतून ठरले. ताराबाईचा नातू म्हणून गादीवर बसविलेल्या रामराजाला तिनेच पुढल्या वर्षी साताऱ्याच्या किल्ल्यावर अडकवून ठेविले आणि हा आपला नातू नव्हेच असे जाहीर केले, यावरून अशा निरवानिरवीचे आयुष्य किती अल्प असते ते ध्यानी येईल.

धर्मशास्त्राने या विषयाचा विचारच केला नव्हता असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, म्हणजे सहाव्या विक्रमादित्याच्या, आश्रयाला राहून विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर जी मिताक्षरा टीका लिहिली, आणि जी पुढे आठशे वर्षे आमच्या वारसाहक्काचा पाया होऊन राहिली, तिच्यात बाप हयात असता आणि त्याची इच्छा नसताही पुत्रांना विभाग मागता येतो असे प्रसंग सांगितले आहेत: बाप अतिवृद्ध झाला, त्याची बुद्धी विपरीत झाली किंवा तो दीर्घ रोगाने ग्रासला, तर. बाप असमर्थ झाल्यास ज्येष्ठ पुत्राने कुटुंबाचा व्यवहार पाहावा, असेही स्मृतिवचन आहे. म्हणजे मृत्यू आणि अक्षमता या दोन घटना शास्त्रकारांनी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. पण बारकाईने वाचले असता असे दिसते, की यांतील एकाही वचनात प्रत्यक्ष त्या बापाला कोणी काही विचारलेले नाही. बुद्धी विपरीत झाली हे ठरविणार पुत्र, आणि ती विपरीत झाल्याचा लाभ होणार तोही पुत्रालाच. उन्मत्त, जड, जन्मांध अशांना वारसाच नाकारून केवळ अन्नवस्त्राचे धनी करणारा जो दुसरा नियम होता, तो तर १९२८ च्या कायद्याने बराचसा आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने सर्वस्वी गेला. तो गेला हे चांगलेच झाले.

दरबाराने शास्त्राहून वेगळी वाट काढली होती आणि तिचे नाव मुतालिक. वतनदार अल्पवयी असो, परमुलखी मोहिमेवर असो, आजारी असो किंवा नुसताच आळशी असो, त्याच्या वतीने शिक्का चालविणारा हा प्रतिहस्तक देशमुखापासून प्रतिनिधीपर्यंत सर्वांच्या पदरी असे. व्यवस्था सोयीची होती, परंतु धन्याची शक्ती गेली की मुतालिकाची वाढते, हा तिच्यातला दोष होता. प्रतिनिधींचा मुतालिक यमाजी शिवदेव याने १७५० साली सांगोल्यास पेशव्यांविरुद्ध जो पवित्रा घेतला तो पाहता धनी कोण आणि सेवक कोण असा संभ्रम पडावा. फारसी अंमलाने आम्हाला 'मुखत्यार' हा दुसरा शब्द दिला, तोही याच जातीचा. ज्याला इख्तियार दिला तो मुखत्यार. ज्याच्यापाशी संपूर्ण इख्तियार तो कुलमुखत्यार.

थेऊरला थोरल्या माधवराव पेशव्यांनी जे केले ते या साऱ्या परंपरेत मला सर्वांत सुबुद्धपणाचे वाटते. राजयक्ष्म्याने शरीर पोखरत चालले असता, १७७० च्या कर्नाटकच्या स्वारीतून अर्ध्यावर परतताना त्यांनी फौजेची मुखत्यारी त्रिंबकराव पेठे यांच्याकडे सोपविली, आणि त्रिंबकरावांनी पुढल्या वर्षी हैदरावर मोठा विजय मिळविला. म्हणजे अक्षमता येण्याआधीच, शुद्ध बुद्धीने, नेमक्या कामापुरता नेमका माणूस नेमण्याची रीत या तरुणाला ठाऊक होती. अखेरच्या आजारात त्यांनी नऊ कलमांची यादही करविली. कर्जाच्या फेडीपासून काशी-प्रयागच्या क्षेत्रांपर्यंतचे विषय तिच्यात आहेत, आणि सत्तावीस वर्षांच्या मुमूर्षू माणसाने ती इतक्या स्थिरचित्ताने सांगावी याचे आश्चर्य वाटते. परंतु एक गोष्ट कोणत्याही कलमात बसण्यासारखी नव्हती. धोडपच्या लढाईनंतर शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेविलेल्या चुलत्यास थेऊरला बोलावून त्यांनी धाकट्या भावाचा, नारायणरावांचा, हात त्याच्या हातात दिला. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी माधवराव गेले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. ज्याच्या हाती निरवले त्याच्यावर देखरेख ठेवणारा तिसरा कोणी असावा, एवढे एक कलम त्या यादीत कमी पडले, असे म्हणणे हा पश्चात्बुद्धीचा दोष आहे हे मी जाणतो, तरी म्हणतो.

कंपनीच्या अमदानीत निरवानिरवीचा कागद कितीही काळजीपूर्वक केला तरी तो वाचणारा परका आहे, ही नवी अडचण उभी राहिली. मूळच्या रत्नागिरीकडील नेवाळकर घराण्यातील झांशीचे गंगाधरराव यांनी २० नोव्हेंबर १८५३ रोजी, इंग्रज अधिकाऱ्यांच्या समक्ष, मुलगा दत्तक घेतला, राणीच्या हयातीपर्यंत तिचा अंमल चालावा असा खलिता लिहून दिला, आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. विधीत न्यून नव्हते, साक्षीदार परके होते, कागद वेळेवर झाला होता. १८५४ मध्ये डलहौसीने संस्थान खालसा केले. साताऱ्याचे त्याहून पाच-सहा वर्षांपूर्वी तसेच झाले होते. या प्रकरणांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मी येथे थांबत नाही.

थांबावयाचे ते कोल्हापुरास. तेथील तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेची यात्रा करून परत येत असता ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स शहरी वारले. वय अवघे वीस, पोटी पुत्र नाही. अर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचा अग्निसंस्कार झाला, आणि त्या जागी उभारलेली छत्री आजही तेथल्या लोकांना हिंदी राजाचे स्मारक म्हणून ठाऊक आहे. पुढल्या वर्षी एका लहान मुलास दत्तक घेऊन चौथे शिवाजी या नावाने गादीवर बसविण्यात आले. हा मुलगा वाढत असता त्याच्या भोवती इंग्रज पालक, शिक्षक, दिवाण आणि डॉक्टर यांचे कडे होते; आणि तो वयात येऊ लागला तेव्हा त्याच कड्यातून अशी वार्ता बाहेर पडू लागली की महाराजांना वेड लागले आहे.

वेड लागले होते की लावले होते? १८८१ च्या जानेवारीत निघालेल्या 'केसरी'ने आणि त्याच्या जोडीच्या 'मराठा' पत्राने हा प्रश्न ज्या भाषेत विचारला ती भाषा महाराष्ट्राला अपरिचित होती. महाराजांचा छळ होत आहे, त्यांना वेडे ठरवून कारभार आपल्या हाती ठेवण्याचा कावा आहे, असा रोख दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर धरला गेला. त्याच्या पुष्ट्यर्थ जी पत्रे छापली ती बनावट निघाली. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. आणि १७ जुलै १८८२ रोजी टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांवर आगरकरांनी पुढे पुस्तक लिहिले, त्यामुळे मराठी वाचकाला हे प्रकरण ठाऊक असते ते दोन संपादकांच्या तुरुंगवासाची कथा म्हणून. ज्याच्यासाठी तो तुरुंगवास झाला त्या राजाची आठवण त्यात मागे पडते. त्याच वर्षी त्याला राज्यकारभारास असमर्थ ठरवून कागलचे जहागीरदार जयसिंगराव आबासाहेब घाटगे यांना रीजंट नेमण्यात आले, आणि महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेविले. तेथे, २५ डिसेंबर १८८३ रोजी, त्यांच्या तैनातीस असलेल्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत त्यांचा अंत झाला. वय पुन्हा वीस.

पत्रे बनावट होती आणि संपादकांनी त्याबद्दल माफीही मागितली, एवढ्यावर हा विषय संपतो असे मला वाटत नाही. महाराजांची प्रकृती खरोखर बिघडली असेलही. नसेलच असे म्हणण्यास माझ्याजवळ आधार नाही. पण तिची परीक्षा करणारे, तिच्यावर निर्णय देणारे आणि त्या निर्णयानंतर दौलतीचा वहिवाटदार नेमणारे हे सारे एकाच सरकारचे आज्ञांकित होते, आणि ज्याची परीक्षा चालली होती त्याच्या वतीने बोलणारा, त्याने स्वतः निवडलेला असा एकही माणूस त्या कड्यात नव्हता. वृत्तपत्रांनी ती जागा घेण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना शिक्षा झाली. १७ मार्च १८८४ रोजी रीजंट घाटगे यांचेच चिरंजीव यशवंतराव हे दत्तक जाऊन शाहू महाराज झाले. निवड इतकी भाग्याची ठरली, की तिच्या पद्धतीकडे बोट दाखविण्याचे धाडस कोल्हापुरात आजही कोणी करणार नाही. मीही ते आदरपूर्वकच करतो.

याच खटल्याच्या वेळी टिळक-आगरकरांना दहा हजारांचा जामीन राहिले ते रामशेट उरवणे, आणि ते ज्योतिराव फुल्यांच्या मंडळीतले. ज्योतिरावांचे नाव येथे निघाले ते बरे झाले, कारण सामान्य गृहस्थाच्या निरवानिरवीचा इतका बोलका नमुना मला दुसरा ठाऊक नाही. १० जुलै १८८७ रोजी त्यांनी मृत्युपत्र केले आणि ते रीतसर नोंदविले. अंत्यविधी कसा व्हावा, प्रेत मीठ घालून पुरावे, मिळकत सावित्रीबाई आणि दत्तक पुत्र यशवंत यांच्याकडे कशी जावी, आणि यशवंत नालायक निघाल्यास त्याच्या जागी लायक मुलगा कसा निवडावा, इथपर्यंतचा विचार त्यात आहे. आपल्या मुलावर इतक्या स्पष्टपणे अट घालणारा बाप त्या काळी विरळाच. मृत्युपत्र असे परिपूर्ण. आणि मग, बरोबर एका वर्षाने, १८८८ च्या जुलैत, पक्षाघाताने त्यांचे उजवे अंग लुळे पडले. मृत्यू आला नव्हता, म्हणून मृत्युपत्र मुके होते. त्यापुढची सव्वादोन वर्षे ज्योतिराव जगले ते आपल्या निग्रहावर, सावित्रीबाईंच्या सेवेवर आणि स्नेह्यांच्या मदतीवर. डाव्या हाताने त्यांनी सार्वजनिक सत्यधर्माचा ग्रंथ लिहून काढला, आणि पैशाची ओढाताण इतकी झाली की बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्द टाकावा लागला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेल्यावर मृत्युपत्राला वाचा फुटली, तर तेव्हा वस्तीत प्रेत पुरण्यास परवानगी मिळाली नाही आणि दहनच करावे लागले.

इंग्रजी कायद्याने या दोन अवस्थांची दोन निरनिराळी दप्तरे केली. मेलेल्याच्या वारसांसाठी मुंबई इलाख्यात १८२७ चा आठवा रेग्युलेशन झाला, ज्याच्या आधारे वारसदाखला काढण्यासाठी महाराष्ट्रात अजूनही लोक दिवाणी न्यायालयाची पायरी चढतात. १८७० साली हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहराला लागू झाला, आणि १ जानेवारी १९२७ पासून होणाऱ्या हिंदूंच्या सर्वच मृत्युपत्रांना, ती कोठेही झालेली असोत, दोन साक्षीदार वगैरे नियम लागले. वेड्यांच्या मिळकतींसाठी १८५८ चे कायदे आणि त्यांच्या जागी १९१२ चा कायदा आला, त्यांत नातलगाने किंवा कलेक्टराने अर्ज करावा, न्यायालयाने चौकशी करावी आणि व्यवस्थापक नेमावा, अशी रचना. अर्ज करण्याचा मान येथेही दुसऱ्याचाच. गोव्यात १८७० पासून लागू झालेल्या पोर्तुगीज दिवाणी संहितेने हे काम कुटुंबमंडळावर सोपविले, म्हणजे निदान नातलग एकत्र बसून एकमेकांवर नजर तरी ठेवीत. नोताराच्या वहीत मृत्युपत्र नोंदविणाऱ्या गोमंतकीयाला अर्धी मिळकत मुलांसाठी राखून ठेवावी लागते, ती गोष्ट वेगळी.

आता या दोन दप्तरांच्या मध्ये एक फट आहे, आणि आमच्यापैकी बहुतेकांचे वार्धक्य त्या फटीत जाते. वयाची सत्तरी उलटलेला गृहस्थ मोठ्या समजूतदारपणे मुलाच्या किंवा मुलीच्या नावे कुलमुखत्यारपत्र करतो, मुद्रांक लावतो, दुय्यम निबंधकासमोर अंगठा देतो, आणि पुढे स्मृती गेली, पक्षाघात झाला, तर हा कागद उपयोगी पडेल अशा विश्वासाने तो कपाटात ठेवतो. त्याला कोणी सांगितलेले नसते, की करार कायद्याच्या २०१ व्या कलमाप्रमाणे मालकाला मृत्यू किंवा बुद्धिभ्रंश येताच मुखत्यारी संपुष्टात येते. ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो रद्द होतो. २०९ वे कलम मुखत्याराला एवढेच सांगते, की मालकाच्या हिताच्या रक्षणासाठी वाजवी ती तजवीज त्याने करावी.

वैद्यकीय बाजूस काही हालचाल झाली आहे. परळच्या केईएम रुग्णालयात दशकानुदशके निश्चेष्ट पडून राहिलेल्या परिचारिकेच्या प्रकरणात २०११ साली, आणि त्यानंतर ९ मार्च २०१८ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाला हात घातला; आता शुद्धीवर असतानाच, आपल्यावर कोणते उपचार व्हावेत आणि कोणते थांबवावेत, हे लिहून ठेवण्याची मुभा प्रत्येकाला आहे, आणि २०२३ पासून ते लेख्य नोटरीपुढे करता येते. मिळकतीचे मात्र उलटे झाले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यवस्थापक नेमण्याचे जे प्रकरण होते ते २०१७ च्या नव्या कायद्यात वगळले गेले. कोमात गेलेल्या नवऱ्याच्या बँकेतील पैशातून त्याच्याच रुग्णालयाचे बिल भागवावयाचे असेल तरी बायकोला पालक म्हणून नेमणूक मागत उच्च न्यायालयात रिट अर्ज करावा लागतो.

करार कायद्याचे ते कलम १८७२ चे आहे. ज्या इंग्रजी तत्त्वावरून ते घेतले त्यात खुद्द इंग्लंडने १९८५ साली दुरुस्ती करून, मालकाची बुद्धी गेल्यावरही टिकून राहणारे आणि त्याने स्वतः आधीच करून ठेविलेले मुखत्यारपत्र कायदेशीर केले. आमच्याकडे ते कलम जसेच्या तसे आहे.